कामकरी घोडा व त्याची परीक्षा

घोडा म्हटला म्हणजे शहापूर व मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. एक इतिहासाच्या पुस्तकातील, पुढचे पाय उचलून उभ्या राहिलेल्या घोड्याचे; व दुसरे लग्नाच्या वरातीतील, जरीच्या झुलीने व कवड्यांच्या माळांनी सजविलेल्या घोडीचे. तिसरे एक चित्र दर वर्षी पावसाळा संपला की आमच्याच रस्त्यांवरून चालत जाते. परंतु ते पाहण्याजोगे आहे असे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे धनगराचे तट्टू. घाटमाथ्यावरील चारा संपत आला म्हणजे मेंढपाळ माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, भिवंडी या बाजूस येतात. आमचे शेतकरी भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरांत त्यांच्या मेंढ्या बसवितात. शेतास खत मिळते व मेंढपाळास त्याचा मोबदला मिळतो. या साऱ्या प्रवासात त्या कुटुंबाचे घर तट्टवाच्या पाठीवर असते. भांडी, घोंगड्या, वाघूर, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतेच जन्मलेले कोकरू, आणि या सर्वांवर कधीकधी एखादे लहान मूल. त्या जनावराच्या तोंडात बहुधा लोखंड नसते. गळ्यात नुसता दोर असतो. मालमोटार कर्णा फुंकीत अंगावरून जाते, तरी ते उधळत नाही. थांबविले तेथे थांबते. ओढा आला तर पाण्यात पाय घालते. बाईने सामान उतरविताना ओझे एका अंगास कलले, तरी ते तसेच उभे राहते.

हे सर्व त्यास कोणी शिकविले, आणि हे शिकणे किती कठीण आहे, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो विचार सुचला तो एका परदेशी खेळाची माहिती वाचीत असताना. त्या खेळास इंग्रजीत ‘वर्किंग इक्विटेशन’ असे म्हणतात. आम्ही त्यास या लेखापुरते ‘कामकरी अश्वारोहण’ असे म्हणू. शर्यतीत घोड्याचा वेग पाहतात. या खेळात घोडा कामाचा आहे की नाही, हे पाहतात.

दक्षिण युरोपात घोड्यावर बसून गुरे राखण्याची चाल फार जुनी आहे. पोर्तुगालमधील गुराख्यास ‘कांपिनो’ म्हणतात, स्पेनमधील ‘वाकेरो’, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कामार्ग नावाच्या दलदलीच्या मुलखातील ‘गार्दियां’ आणि इटलीतील मारेम्मा प्रांतातील ‘बुत्तेरो’. या प्रत्येकाचे खोगीर निराळे, पोशाख निराळा, घोड्याची जात निराळी. पण काम एकच. कुंपणाचे फाटक घोड्यावरूनच उघडावयाचे व लावावयाचे, कळपातील नेमके एक जनावर निवडून बाजूस काढावयाचे, लाकडी साकवावरून जावयाचे, आणि हे सर्व एका हाताने, कारण दुसऱ्या हातात काठी किंवा दोर असतो. यंत्रे आली, तारेची कुंपणे आली, तेव्हा ही विद्या नाहीशी होईल की काय, अशी भीती त्या लोकांस वाटू लागली. म्हणून त्यांनी तिला खेळाचे रूप दिले. १९९६ साली इटलीत या खेळाची पहिली युरोपीय स्पर्धा झाली. पुढे तो दोन्ही अमेरिका खंडांत व ऑस्ट्रेलियातही पसरला.

पोर्तुगालचे नाव निघाले म्हणून सांगावयाचे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, व त्यांचा अंमल ठाण्यापर्यंत होता. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत वसई आमच्याच जिल्ह्यात मोडत असे. त्यांच्या गोव्याच्या बंदरातून अरबी घोडे विजयनगराच्या बाजारास जात. घोड्यांच्या व्यापाराने त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला, पण त्यांच्या गुराख्यांची विद्या मात्र आमच्याकडे उतरल्याचे दिसत नाही. उतरण्याचे कारणही नव्हते. आमचा गुराखी पायी चालतो, व आमच्या डोंगरउतारांवर पायी चालणेच सोयीचे आहे.

या खेळाच्या परीक्षेचे चार भाग असतात. पहिल्यात मोकळ्या मैदानात घोड्यास ठरविलेल्या आकृती काढीत चालविणे, थांबविणे, मागे सरकविणे, वर्तुळात फिरविणे. दुसऱ्यात दहा-पंधरा अडथळे मांडलेले असतात. त्यांतून घोडा शांतपणे व सफाईने नेला तर प्रत्येक अडथळ्याचे दहापैकी गुण मिळतात. तिसऱ्यात तेच किंवा तशाच जातीचे अडथळे घड्याळ लावून पार करावयाचे. येथे डौलाचे गुण नाहीत, फक्त वेळ मोजतात व चुकीबद्दल वेळ वाढवितात. चौथा भाग गुरांचा. काही स्वारांनी मिळून कळपातील खुणेचे जनावर वेगळे काढून ठरलेल्या आवारात नेऊन घालावयाचे. हा चौथा भाग सर्व ठिकाणी होत नाही, कारण गुरे आणणे खर्चाचे आहे, व गुरांसही त्रास होतो. नवशिक्यांची परीक्षा नुसत्या चालीने व दुडक्या चालीने होते. दोन्ही हातांनी लगाम धरण्यास त्यांस मोकळीक असते. वरच्या पायरीवर मात्र सर्व काही एका हाताने करावे लागते.

अडथळे ऐकून विद्यार्थ्यांस हसू येईल. त्यांत उंच भिंती नाहीत की खंदक नाहीत. एक फाटक. एक लाकडी पूल. ओळीने रोवलेल्या काठ्या, त्यांच्यामधून नागमोडी जावयाचे. तीन पिंपे, त्यांना वळसे घालावयाचे. मेजावर ठेवलेला पाण्याचा तांब्या स्वाराने उचलून वर धरावयाचा व पुन्हा जागेवर ठेवावयाचा. एका अरुंद बोळातून जाऊन शेवटी टांगलेली घंटा वाजवावयाची व उलट पावली बाहेर यावयाचे. जमिनीवर आडवा पडलेला वासा, त्याच्यावरून घोड्याने आडवे पाऊल टाकीत बाजूस सरकावयाचे. पिंपात उभी ठेवलेली लांब काठी उचलून तिच्या टोकाने लाकडी बैलावरील कडे उचलावयाचे. या काठीस स्पॅनिश भाषेत ‘गारोचा’ म्हणतात. ती दोन पुरुष उंच असते, आणि गुरे वळविण्याच्या कामी येते. आमच्या मराठी घोडेस्वाराच्या हातातील भाल्याची लांबी ज्यांनी संग्रहालयात पाहिली असेल, त्यांस ती काठी अनोळखी वाटणार नाही. धावत्या घोड्यावरून जमिनीतील खुंटी भाल्याने उपटण्याचा नेजेबाजीचा खेळ आमच्या लष्करात आजही होतो.

या सर्वांत फाटक हा अडथळा आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पायी चालणाऱ्या माणसास फाटक उघडणे म्हणजे काहीच नाही. घोड्यावरील माणसाने तेच करावयाचे म्हणजे काय काय घडावे लागते, ते पाहा. घोड्याने फाटकास समांतर, अगदी लगटून उभे राहिले पाहिजे. कडी काढताना स्वार एका अंगास वाकतो, त्याचे वजन कलते, तरी घोड्याने हलता कामा नये. मग फाटक ढकलले की त्याच गतीने घोड्याने आडवे पाऊल टाकीत आत यावे. स्वाराचा हात फाटकावरून सुटू नये, कारण खऱ्या गोठ्यात हात सुटला की मागून वासरू निसटते. आत आल्यावर घोड्याने मागचा भाग फिरवून पुन्हा समांतर व्हावे, दोन पावले मागे सरकावे, व कडी लागेपर्यंत स्तब्ध राहावे. थांबणे, आडवे सरकणे, वळणे, मागे जाणे व पुन्हा थांबणे, इतक्या पाच गोष्टी मिनिटाच्या आत होतात. लगाम ओढून यांपैकी एकही नीट होत नाही. पायाच्या पोटरीचा हलका दाब, बैठकीतील वजनाचा फरक, व हाताची किंचित हालचाल, एवढीच भाषा चालते. जो घोडा ओढाताणीने चालविला जातो, त्यास ही भाषा कळत नाही. कळली तरी तो भीतीने इतका ताठलेला असतो की ऐकत नाही.

पुलाचे तसेच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ सभोवार दिसते. पण कपाळाच्या अगदी पुढची व शेपटीच्या मागची जागा त्यास दिसत नाही. आपले पाय कोठे पडतात हे तो लांबूनच पाहून लक्षात ठेवतो. त्यात फळीवर टाप पडली की पोकळ आवाज होतो. ज्याच्या पूर्वजांचे सारे रक्षण पळण्यावर अवलंबून होते, त्या प्राण्यास पायाखालची जमीन पोकळ वाजणे हे संकटाचे चिन्ह वाटल्यास नवल नाही. म्हणून पुलापुढे अडलेल्या घोड्यास हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. तो आपल्या बुद्धीप्रमाणे शहाणपणाच करीत असतो.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे वळतो. ‘गुरुजी, हे युरोपातले खेळ आमच्या कुणब्याच्या, कातकऱ्याच्या पोरांस काय करावयाचे?’ असे एका पालकांनी आम्हांस विचारलेच. घोडा आमच्या मुलखास परका नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मुरबाड तालुक्याच्या माथ्यावरील नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी जुन्नरचा माल कल्याण व सोपारा या बंदरांकडे उतरत असे. तेथील लेण्यात राणी नागनिकेच्या शिलालेखात जे यज्ञ सांगितले आहेत, त्यांत अश्वमेधही आहे. शहापुराजवळच्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीची अखेरची लढत दिली. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, व सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. भीमेच्या खोऱ्यात वाढलेल्या लहानखोर, काटक भीमथडी तट्टांनी या स्वाऱ्यांत मोठी कामगिरी केली. धनगरांच्या कळपाबरोबर जी तट्टे आमच्या गावांतून जातात, ती त्याच घराण्याची. कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने २०२३-२४ या वर्षी भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही समाधानाची गोष्ट होय. माळशेजच्या पलीकडे जुन्नर, आंबेगाव या बाजूंस बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळविण्याची रीत आहे, ती आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. त्या घोडीवर बसणाऱ्या पोराची मांड पाहून आम्ही थक्क झालो आहोत. परंतु तेथे घोडीला पळणेच ठाऊक असते. थांबणे कोणी शिकवीत नाही.

आणि दुसरे उत्तर असे, की आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या घरी घोडी आहे, व ती घोडी त्या घराच्या मिळकतीचा एक भाग आहे. लग्नसराईत ती वरातीस जाते. नववीतील या मुलीस घोडीवर बसण्याचा नाद. आणि आम्ही वर्गात या खेळाविषयी बोललो, तेव्हापासून तिने आमचा पिच्छा पुरविला. आम्ही स्वतः घोड्यावर बसणारे नव्हे. परंतु लष्कराच्या अश्वविभागात नोकरी करून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ पंचक्रोशीत राहतात. त्यांनी देखरेखीचे मान्य केले, तेव्हाच आम्ही या गोष्टीस होकार दिला. ज्यांच्याजवळ असा जाणता माणूस नाही, त्यांनी हा लेख वाचून घोड्यावर बसू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

पहिल्या दिवशी त्या गृहस्थांनी खोगीरही घालू दिले नाही. त्यांनी घोडीचे तोंड उघडून पाहिले. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांस जुने वण होते, व जिभेखालच्या हाडावरील कातडी जाड झाली होती. मग त्यांनी खुंटीवरचा लगाम मागितला. त्याच्या तोंडातील लोखंडास आतून बोथट काटे होते. वरातीत घोडीने मान वाकवून नाचावे, वाजंत्र्याच्या कल्लोळात हाताबाहेर जाऊ नये, म्हणून असे काटेरी लगाम पुष्कळ ठिकाणी वापरतात. मुलीच्या वडिलांनी तो विकत घेतलेल्या घोडीबरोबरच आलेला होता, व त्यात काही वावगे आहे असे त्यांस कोणी सांगितले नव्हते. वस्तुतः ओझ्याच्या व स्वारीच्या जनावरांविषयी १९६५ साली जे सरकारी नियम झाले, त्यांत काटेरी लगाम व काटेरी काठी यांस मनाई आहे. नियम होऊन साठ वर्षे झाली, पण तो खेड्यातल्या खुंटीपर्यंत पोहोचला नाही.

येथून पुढची गोष्ट खेळापेक्षा अधिक गंभीर झाली. वडिलांचे म्हणणे सरळ होते. ‘साध्या लगामाने ही घोडी फटाक्यांत उधळली, नवरदेव खाली पडला, तर जबाबदार कोण? आणि एकदा असे झाले की पुन्हा वरात मिळेल काय?’ त्यांच्या या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘भाऊ, काट्याने घोडी थांबत नाही, घाबरते. घाबरलेली एक दिवस काट्यासकट पळेल. सराईला दोन महिने आहेत. मला सहा आठवडे द्या.’ वडिलांनी फार वेळ विचार केला, व अखेर मार्गशीर्ष संपेपर्यंत साधा लगाम वापरून पाहण्याचे कबूल केले. काटेरी लगाम मात्र त्यांनी खुंटीवरच ठेवला.

शाळेमागील एका खाचरात भात निघाल्यावर जागा मोकळी झाली. धसकटे कापून व ढेकळे फोडून जमीन सारखी करावी लागली. घोड्याच्या टापेत अणकुचीदार धसकट शिरले तर तो महिना दोन महिने लंगडतो. फाटकासाठी दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोर बांधला, एका टोकास दोराचा फास. खऱ्या स्पर्धांतही दोराचे फाटक चालते, आणि नवशिक्यास ते अधिक सुरक्षित, कारण घोडी बिचकलीच तर तीत पाय अडकण्यापूर्वी दोर सोडून देता येतो. पिंपांच्या जागी आम्ही पेंढ्याचे भारे ठेवले. काठ्यांची टोके वर चिंध्या बांधून बोथट केली. उघडा बांबू डोळ्यात जाण्याची भीती असते. पुलासाठी सागाच्या जुन्या फळ्या जमिनीवरच अंथरल्या. उंच काहीच नाही. घंटा शाळेची, मधल्या सुट्टीपुरती उसनी घेतलेली.

पहिले दोन आठवडे मुलगी घोडीवर बसलीच नाही. ती दोर धरून पुढे चाले, थांबे, आणि घोडीही थांबेपर्यंत वाट पाही. थांबली की दोर सैल. एवढेच. हा सैल होणारा दोर हेच घोड्याचे बक्षीस, ही गोष्ट त्या गृहस्थांनी शंभर वेळा सांगितली असेल. ‘बाय, तिनं ऐकलं त्या क्षणाला हात सोड. नंतर सोडलास तर तिला कळत नाही कशाबद्दल सोडलास.’ घोड्यास दाबाने शिकविता येत नाही. दाब जेव्हा नाहीसा होतो, तेव्हा तो शिकतो. ग्रीक सेनानी झेनोफनने ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, त्यातही घोड्याशी रागाने कधी वागू नये असा उपदेश आहे. इतकी जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवावी लागते, हे मात्र खरे.

पुलावर घोडी पाच दिवस आली नाही. पहिल्या दिवशी दहा हातांवर थांबून फुरफुरली. त्यांनी तिला तेथेच उभी राहू दिली, फळ्यांकडे पाहू दिले, व घरी पाठविली. मुलांस हे फारच कंटाळवाणे वाटले, व पाहावयास येणाऱ्यांची संख्या रोडावली. सहाव्या दिवशी एक फळी ठेवली. तिच्यावरून ती चालली. मग दोन, मग चार. टापेचा आवाज झाला की ती कान मागे करी. मुलगी तिच्या मानेवर हात ठेवून उभी राही. दहाव्या दिवशी घोडी सर्व फळ्यांवरून चालत गेली आणि पलीकडे पोहोचल्यावर तिने लांब श्वास सोडला. आमच्या येथील टाळ्या वाजविण्याच्या हौसेस त्या दिवशी आवर घालावा लागला.

काठ्यांमधून नागमोडी जाणे लवकर जमले. कारण ती वळणे मुलीच्या नजरेने होत. स्वार जिकडे पाहतो तिकडे त्याचे खांदे वळतात, खांद्यांबरोबर बैठकीतील वजन वळते, व घोड्यास ते पाठीवर कळते. आडवे सरकणे मात्र कठीण गेले. डाव्या पायाने दाबले की ही घोडी उजवीकडे सरकण्याऐवजी पुढेच पळे, कारण पायाचा स्पर्श म्हणजे टाच, व टाच म्हणजे पळ, एवढेच तिला आजवर कळले होते. वासा भिंतीजवळ ठेवून, समोर भिंत येईल अशा रीतीने, एकेक पाऊल करून ते शिकवावे लागले.

तयारी करू इच्छिणाऱ्या घरांस उपयोगी अशा काही गोष्टी येथेच नोंदवितो. स्वार व खोगीर यांचे मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे. आमच्याकडील तट्टू अडीचशे ते तीनशे किलो भरते. म्हणजे पन्नास-साठ किलोंच्या आत सर्व आले पाहिजे. मुलांस हे जमेल. त्यांच्या वडिलांपैकी पुष्कळांस जमणार नाही. चार वर्षांच्या आतील शिंगरावर बसण्याची घाई करू नये. पाठीची हाडे त्यानंतरही काही काळ पक्की होतच असतात. स्वाराच्या डोक्यावर घोडेस्वारीचे शिरस्त्राण पाहिजेच, व पायात टाच असलेला बूट; चपलेचा पाय रिकिबीत अडकून घोड्यामागे फरफटत गेल्याची उदाहरणे आहेत. धडा अर्ध्या तासाचा पुरे. सकाळी सूर्य वर येण्याच्या आत, किंवा उन्हे कलल्यावर. घोड्यास दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागते, व उन्हाळ्यात त्याहून अधिक. त्यास ओकता येत नाही. म्हणून एकदम भरडा, कोंडा किंवा सडका पेंढा पोटात गेला व पोट फुगले, तर ते विष बाहेर पडण्याचा मार्ग नाही, आणि रात्रीत जनावर जाते. घोडा लोळू लागला, पोटाकडे वळून पाहू लागला, घाम फुटला, की गावठी उपायांत वेळ न घालविता जनावरांच्या दवाखान्यात कळवावे. पावसाळ्यात डांसमाश्यांमुळे ‘सर्रा’ नावाचा ताप येतो. घोड्यास धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी. नाल दर सहा-आठ आठवड्यांनी काढून खूर तासावे लागतात. नालबंद गावोगाव मिळत नाही, ही आमच्या भागातील सर्वांत मोठी अडचण. जो येतो तो मेहनताना घेऊन एका दिवसात दहा गावे उरकतो, व त्याची घाई खुरांवर दिसते.

खर्चाचे म्हणाल तर अडथळ्यांस जवळजवळ काही लागले नाही. नवा लगाम, शिरस्त्राण, नालबंद आणि लस यांस मात्र लागले. तो खर्च वडिलांनी केला, आणि अशा वेळी हौसेचा हिशेब मांडताना त्यांच्या कपाळावर आलेल्या आठ्या आम्ही पाहिल्या आहेत.

मार्गशीर्ष संपला, पौष लागला. म्हशाच्या यात्रेस त्या कुटुंबातील माणसे गेली. पौष पौर्णिमेपासून तेथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे एका व्यापाऱ्याने घोडी विकता का, असे विचारले. वडिलांनी किंमत सांगितली नाही, असे मुलीने आम्हांस सांगितले. माघातील पहिली वरात साध्या लगामाने झाली. वृद्ध गृहस्थ व मुलगी दोघेही बरोबर गेली. एक उजव्या बाजूस, एक डाव्या. त्यापूर्वी चार रात्री त्यांनी शाळेच्या आवारात ताशा वाजवून घोडीस उभे राहण्याचा सराव दिला होता. फटाक्यांची माळ लागली, तेव्हा घोडीने कान मागे केले, दोन पावले आडवी टाकली, व उभी राहिली. ती नाचली नाही. वरपक्षाकडील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याबद्दल नापसंती दाखविली व ठरलेल्या रकमेतून काही कापून घेतले. पुढील दोन वराती दुसऱ्या घोडीस मिळाल्या, कारण ती नाचते. त्यानंतर एका घरच्या माणसांनी मुद्दाम हीच घोडी मागविली. त्यांचा नवरदेव लहानपणी घोड्यावरून पडलेला, व त्यास शांत जनावर हवे होते.

काटेरी लगाम अजून त्याच खुंटीवर आहे. वडील तो टाकीत नाहीत, व वापरीतही नाहीत. मुलगी दहावीत गेली आहे. परीक्षेमुळे आठवड्यातून दोनच दिवस सराव होतो, व खाचरात पुन्हा भात लावले असल्याने तो शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यात करावा लागतो. दोराचे फाटक उजव्या बाजूने घोडी आता न चुकता उघडू देते. कडी काढताना मुलगी पार वाकते तरी हलत नाही. डाव्या बाजूने अद्याप जमलेले नाही.